हिरव्या कडेची पानं

अजूनही लोक विचारतात. भाजी घेताना विचारतात, स्टेशनवर गाडीची वाट बघताना विचारतात, आणि एकदा तर एका मयताला गेलो होतो तिथं एकानं बाजूला घेऊन विचारलं, "आमची थोरली चौदाची झाली. वाचनाचं भारी वेड. तिला एखादी चांगली कादंबरी सांगा ना." मी म्हणतो, "द्या कुठलीही." समोरच्याला वाटतं, म्हातारा आखडलाय. आखडलो नाही, दमलोय. लोणावळ्याच्या एका लहानशा वाचनालयात पंचवीसएक वर्षं मी पोरापोरींना कादंबऱ्या सुचवल्या. त्यातल्या एका कादंबरीबद्दल मी असं काही सांगून बसलो, की आता कुणी विचारलं की माझी जीभ जड होते.

वाचनालय म्हणजे बाजारातल्या एका कोळशाच्या वखारीवरची खोली. दोन खिडक्या, चार कपाटं, एक लांब टेबल आणि वर यायला अंधारा लाकडी जिना. जर्मनीबरोबरची पहिली लढाई संपून दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा मी तिथं लागलो. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला होतो, त्यामुळं वाचनालयाला परवडण्याजोगा होतो. माझ्यावर तिघांची समिती होती. एक पेन्शनर हेडक्लार्क, एक वकील आणि एक किराणा दुकानदार. पेन्शनर पुस्तकं वाचायचे, वकील वाचल्यासारखं करायचे, आणि दुकानदार वाचत नसत आणि तसं उघड सांगत. तिघांत मला तेच आवडायचे.

आमच्याकडच्या कादंबऱ्या बहुतेक देणगीतल्या. उन्हाळ्यात हवा खायला येणारी मुंबईची बंगलेवाली मंडळी जाताना वाचून झालेली पुस्तकं पेटीत भरून आमच्याकडं पाठवून देत. त्यात काय वाटेल ते असायचं. एकदा एका सभासदानं असली एक कादंबरी दोन बोटांत धरून समितीच्या बैठकीत आणली. ती त्याच्या मुलीच्या हाती लागली होती. वकील म्हणाले, मुलामुलींना कादंबऱ्या देणंच बंद करा. पेन्शनर म्हणाले, देणगीदारांना काय तोंड दाखवायचं? तेव्हा दुकानदार म्हणाले, "अहो, बटाटा किडका निघाला तर तेवढा भाग आपण काढतो, अख्खा बटाटा टाकतो का? वाईट तेवढं चिकटवून टाका." ठराव एकमतानं पास झाला.

चिकटवायचं काम अर्थात माझं. मी कादंबरी वाचायची, नको असलेली पानं ठरवायची, ती एकमेकांना खळीनं चिकटवायची आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहायचं, 'वाचली. मुलामुलींस देण्यास योग्य.' खाली माझी सही. खळ मी तिथंच स्टोव्हवर शिजवत असे. कणकेची खळ कसरीला आवडते, म्हणून बुकबाइंडर तीत मोरचूद, ते विषारी निळं मीठ, घालतात. मीही घातलं. त्यानं झालं असं, की चिकटवलेल्या पानांच्या कडांना हिरवट रंग चढला. पुस्तक मिटलेलं असलं तरी आत कुठं आणि किती झाकलंय ते लांबून दिसायचं.

पोरांना हे कळायला आठवडा लागला नाही. इंग्रजी शाळेतली पोरं जिना धडधडत वर यायची आणि अगदी सभ्य चेहऱ्यानं विचारायची, "हिरव्या कडेचं काही आलंय का?" पूर्वी ज्या कादंबऱ्यांवर धूळ साचायची त्या आता कपाटात टिकेनात. परत यायच्या त्या फुगलेल्या आणि चहाच्या वासाच्या. घरोघरी किटलीच्या वाफेवर माझी पानं सुटत होती. मी ती पुन्हा चिकटवायचो. आषाढ लागला की किटलीचीही गरज उरायची नाही. लोणावळ्यात पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं, मीठ वाहून जातं, तिथं खळीचं काय घेऊन बसलात? कपाटात शेगडी ठेवून पुस्तकं शेकायची, भाद्रपदात सगळ्यांना नव्यानं खळ लावायची, असं माझं वर्ष चालायचं.

पहिली चार वर्षं मी प्रत्येक कादंबरी खरोखर वाचली. मग कंटाळलो. वाचनाला कंटाळलो असं सांगायची ग्रंथपालाला चोरी असते, पण आता कुणाला भ्यायचं! त्या काळच्या कादंबऱ्यांत अनाथ मुलगा शेवटी श्रीमंताचा निघायचा, नायिकेला क्षय व्हायचा, पत्र नको त्याच्या हाती पडायचं. आणि गोष्ट कुठं अडली की मामा यायचा. बाप हट्टाला पेटला, की मामा. पैसा संपला, की मामा. मामा दारात उभा राहिला की माझा जीव भांड्यात पडायचा, कारण मग पंधरावीस पानांत सुटका ठरलेली. पुढं पुढं मी पहिली दहा आणि शेवटची दहा पानं वाचून सही ठोकायला लागलो. पेन्शनर सगळं वाचत, ते पानांचे आकडे आणि खाली कारण लिहून चिठ्ठी घालून ठेवत. मी चिठ्ठीवरचा आकडा बघायचो आणि खळ लावायचो. सही मात्र 'वाचली' अशीच. पोरं विचारायची, "ही कशी आहे?" मी सांगायचो, "छान आहे. शेवट गोड आहे." कुणी कधी पकडलं नाही.

अशात ती मुलगी आली. म्हणजे आधी तिचा बाप आला. तो खंडाळ्याच्या घाटात रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. माणूस मावळातलाच, रेल्वेच्या चाळीत राहणारा. पागोटं काढून हातात घेऊन तो टेबलासमोर उभा राहिला.

"भाऊ, मला वाचाया येत न्हाई. पोरीला येतं. लय वाचती. तिला चांगलं काय ते तुमीच द्या. तुमी दिलं म्हंजी मी काय इचारनार न्हाई."

वर्गणी त्याच्या नावावर, वाचणार ती. तेव्हा ती मराठी सहावीत असेल. आली की दारातच उभी राहायची, मी मान वर करेपर्यंत हाक मारायची नाही. आणि पुस्तक हाती पडलं की जिना उतरता उतरता वाचायला लागायची. मी दोनदा ओरडलो, पडशील म्हणून. ती पडली नाही. माझ्या कादंबऱ्यांवर तिची मतं होती. "भाऊ, ह्या बाया सारख्या रडत्यात का? ह्यास्नी घरात काम न्हाई का?" दुसऱ्या एकीबद्दल म्हणाली, "हिच्यात समदे बोलत्यात, कुनी जेवतच न्हाई." मी कपाळाला आठ्या घालायचो, पण शनिवारी ती यायची वाट बघायचो. तेवढी एकच वाचक अशी होती जिच्याशी बोलताना मला आपण थकलोय हे आठवत नसे.

एकदा ती कपाटासमोर उभी राहून पुस्तकांच्या पाठीवरच्या माझ्या चिठ्ठ्या वाचायची खटपट करत होती.

"भाऊ, ह्ये कुनी लिवलं? मुंगळा शाईत बुडून चालल्यावानी दिसतंय."

"मी लिहिलंय."

ती जराही लाजली नाही. दुसऱ्या दिवशी घरून बोरू तासून घेऊन आली आणि दोन दुपारी बसून चारही कपाटांच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहून काढल्या. अक्षर असं, की नवीन सभासदांना वाटायचं आम्ही चिठ्ठ्या छापून आणल्यात. वकिलांनी तर विचारलंसुद्धा, की छापखाना कुठला?

सातवीची फायनल ती पास झाली, मुलींत पहिली. त्यानंतर एके दिवशी पुस्तक बदलायला आली ती पुस्तक हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं?"

"पुण्याला बायांची शाळा हाय, भाऊ. फायनल झालेल्या पोरींना घेत्यात. ऱ्हायाला तितंच. दोन वरसांनी मास्तरीन करून सोडत्यात. आमच्या बाईंनी सांगितलं व्हतं."

"मग बाईंनाच विचार."

"त्यांची बदली झाली. कुटं झाली त्ये ठाव न्हाई."

"वडील काय म्हणतात?"

"आबांना इचारलंच न्हाई. आई म्हनती, इचारू नको, न्हाईच म्हननार. कसं करायचं, कुनाला सांगायचं, मला कायच कळंना."

तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती हिशेब लावत होती आणि तो लागत नव्हता. मला एकदम एक कादंबरी आठवली. बंगल्यातून आलेल्या पेटीतली, तांबड्या पुठ्ठ्याची. तिच्या शेवटच्या दहा पानांत एका खेड्यातली मुलगी पुण्यात शिकून मास्तरीण होते, एवढं मला माहीत होतं. मधली आठ पानं पेन्शनरांच्या चिठ्ठीप्रमाणे चिकटवलेली. आत माझी सही. मी ती काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "ही वाच. ही तुझ्यासाठीच आहे." माझ्या अख्ख्या नोकरीत मी कुणाला दिलेली ती सगळ्यांत योग्य कादंबरी होती. हे मी आजही म्हणेन.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती परत आली. वैशाख होता, खाली वखारीत कोळसा ओतत होते, वर काळी धूळ येत होती. मी खळीनं बरबटलेल्या हातांनी नवी पेटी उपसत बसलो होतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेन्शनर वर्तमानपत्र वाचत होते.

"भाऊ, ही पुण्याला गेली कशी?"

"कोण?"

"ह्यातली. आधी ती गावात हाय. आई तिला म्हनती, बापाला इचारू नको, तो न्हाई म्हनंल. मंग तुमची चिकटवलेली पानं. फुडं उगडलं तर ती पुण्याला शाळंत बसलीया, आन बाप तिला भेटाया लाडू घिऊन आलाय. मधी काय झालं?"

"वाफ नाही का दिलीस? सगळं गाव देतंय."

ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. "आबा म्हनलेत, भाऊंनी चिकटवलं त्ये उगडायचं न्हाई."

सगळ्या लोणावळ्यात माझी खळ मानणारी ती एकटीच होती. तिथं मला सुरी घेऊन ती पानं सोडवता आली असती. 'मी वाचलेलं नाही,' असं सांगता आलं असतं, त्याला काही लागत नाही. पण टेबलाच्या त्या टोकाचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. पेन्शनर ऐकत होते. हात चिकट झाले होते, उकडत होतं, पेटीत अजून वीस पुस्तकं होती. मी म्हटलं, "मामानं नेलं तिला."

"मामानं?"

"हो. मामा आला, त्यानं बापाची समजूत घातली, आणि घेऊन गेला पुण्याला."

पेन्शनरांनी पुन्हा वर्तमानपत्र वर केलं. ते काही बोलले नाहीत, तेव्हा मला वाटलं, अंदाज बरोबर आला. तिचा चेहरा मात्र असा उजळला, की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"माजा बी मामा हाय. सोमाटण्याला. आई त्याचं समदं ऐकती. आबा बी ऐकत्यात."

"मग झालं तर," मी म्हणालो.

पुस्तक पुन्हा वाचते म्हणून तिनं ते बरोबर नेलं. ती गेल्यावर पेन्शनर म्हणाले, "बरं सांगितलंत." मी खळ ढवळत राहिलो.

पंधरवड्यानं तिचा बाप जिना चढून आला. अंगात धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. लेकीचं लग्न ठरलं होतं. उर्से गावचं घर, भातशेती चांगली, मुलगा एकुलता. मी विचारलं, एवढ्या घाईनं कसं? तो बाकावर बसला आणि पागोट्याचा शेव बोटाला गुंडाळत बोलू लागला.

"पोरगी आपनहून म्हनली, मला सोमाटण्याला मामाकडं जायाचंय. आमाला काय ठाव? धाडली. तितं जाऊन तिनं मामाला पुण्याचं समदं सांगितलं. मामानं दोन दिस ठिवून घेतली, आन तिसऱ्या दिशी स्वता आला. म्हनला, पोरगी पुण्याला जायाचं बोलाय लागली, आता घरात ठिवू नका. जागा त्यानं कवाच बघून ठिवली व्हती."

"तुमचं काय मत होतं?"

"आमी तर अजून दोन वरसं थांबनार व्हतो, भाऊ." त्यानं शेव बोटावरून सोडला. "पुण्याचं तिनं मला इचारलंच न्हाई. इचारलं आसतं तर मी काय म्हनलो आसतो, द्येव जानं. आता मामाचा शब्द. तो मोडाया येत न्हाई."

हातातला पेढा मी पुड्यात परत ठेवला. तरी मी स्वतःला समजावलं, की पुस्तकातला मामा चांगला होता, हिचा तसा निघाला नाही, यात पुस्तकाचा काय दोष आणि माझा तरी काय?

ज्येष्ठ अखेरीला लग्न झालं. मी तळेगावला उतरून वऱ्हाडाच्या बैलगाडीनं उर्शाला गेलो. अंतरपाट धरला, आणि भटजींनी रीतीप्रमाणे हाक मारली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." मामा दणकट होता, मिशीवाला, तोंडावर काम पार पाडल्याचं समाधान. त्यानं तिचा दंड धरून तिला पाटावर आणून उभं केलं. मी अक्षता टाकायच्या विसरलो. त्या मुठीतच ओल्या झाल्या.

निघताना ती माझ्या पाया पडली. मुंडावळ्यांत तिचा चेहरा लहान दिसत होता.

"भाऊ, पुस्तक आईकडं ऱ्हायलंय. ती आनून दील," ती म्हणाली. मग हळूच, "मामा म्हनला, तिकडं गेल्याव बगू पुण्याचं."

तिला अजून त्या मामाचा भरवसा होता. म्हणजे खरं तर माझा.

आषाढात एके दिवशी तिच्या आईनं ते पुस्तक फडक्यात गुंडाळून आणून दिलं. बाहेर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. पुस्तक दमट झालं होतं म्हणून शेगडीपाशी ठेवायला उघडलं, तर हिरव्या कडेची पानं आपोआप सुटत होती. मी एकेक पान अलगद मोकळं केलं आणि उभ्या उभ्या आठही पानं वाचली.

त्यात मामा नव्हता. नंतर मी अख्खी कादंबरी पहिल्या ओळीपासून वाचली, तिच्यात कुठंच मामा नव्हता. त्या आठ पानांत ती मुलगी पोस्टातून एक कार्ड आणते, गोठ्यात बसून पुण्याच्या शाळेच्या मोठ्या बाईंना चार ओळी लिहिते. मी इतकी शिकले आहे, मला पुढं शिकायचं आहे, काय करावं? बाई बापाच्या नावानं पत्र पाठवतात. पोस्टमन ते बापाला वाचून दाखवतो. बाप दिवसभर कुणाशी बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला म्हणतो, जा. एवढंच. दोन पानांच्या बेचक्यात पेन्शनरांची चिठ्ठी तशीच चिकटून राहिली होती. 'मुलीने वडिलांस न विचारता परस्पर पत्रव्यवहार करणे. झाकावे.'

मला स्वतःची शिसारी आली. आजही ती पुरती गेलेली नाही. मला हेही कळतं, की कार्ड टाकून तिचं काम झालंच असतं असं नाही. बाईंचं उत्तर आलं नसतं, आलं असतं तर बाप नाही म्हणाला असता. पण तो नाही म्हणाला असता तर ते त्यानं म्हटलं असतं. पुस्तकात त्या मुलीचा प्रश्न निदान बापासमोर येतो. मी आमच्या मुलीला बापाला वळसा घालून भलत्याच दारात पाठवलं, आणि तेसुद्धा कशासाठी, तर न वाचता केलेली सही उघडी पडू नये म्हणून.

संध्याकाळी पेन्शनर आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, यात मामा नाही?"

"तुम्ही योग्य तेच सांगितलंत," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी भांडलो नाही. नोकरी होती, घरी खाणारी तोंडं होती. भाद्रपदात मी त्या पुस्तकाला खळ लावली नाही, आणि समितीला सांगितलं की या हवेत खळ टिकत नाही, तो खटाटोप सोडा. तोवर समितीलाही त्याचा विसर पडला होता. माझ्या बंडखोरीची एवढीच मजल. पण तेव्हापासून कपाटातली प्रत्येक कादंबरी मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. चांगली, वाईट, क्षयाची, अनाथाची, सगळ्या मामांसकट. डोळे गेले, चष्म्याचे नंबर वाढले. पोरं विचारायची, ही कशी आहे? मी फक्त एवढंच सांगायचो, की मी वाचलीय किंवा वाचलेली नाही. त्यांना ते पुरत नसे. हळूहळू पोरं आपसांतच विचारू लागली, आणि बरंच झालं.

दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पेन्शनर आणि वकील दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझेही शेवटचे महिने राहिले होते. एके दिवशी मान वर केली तर दारात एक बाई उभी. नऊवारी, डोक्यावर पदर, हात कामानं रापलेले, आणि मागं तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाई हाक न मारता तशीच उभी होती. त्यावरून मी ओळखलं.

"या, बसा," म्हटलं, आणि पुढच्याच वाक्याला माझ्या तोंडून "कशी आहेस?" निघालं.

"बरी हाय, भाऊ. ही माजी थोरली. तळेगावला शिकती. माज्यावानीच लय वाचती." तिनं मुलीला पुढं केलं. "हिला ती कादंबरी द्या. मामा पुण्याला घिऊन जातो ती. हाय का अजून? मी हिला लय डाव सांगितली."

मुलगी म्हणाली, "मी आईला सारखी इचारते, मंग तुज्या मामानं तुला का न्हाई न्येलं?"

आई हसली. "समदेच मामा पुस्तकातल्यावानी नसत्यात, बाई."

मी उठलो. कपाट मला न बघता सापडायचं, तरी वेळ लावला. तांबडा पुठ्ठा आता विटकरी झाला होता. ती पानं मोकळी होती, कडेला फिकट हिरवा डाग तेवढा राहिला होता. पुस्तक घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलो. नुसतं दिलं असतं तर मुलीनं घरी जाऊन वाचलं असतं, आणि मग तिनंच आईला सांगितलं असतं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"यात मामा नाही," मी म्हटलं.

तिला ते नीट कळलं नाही. "मंग दुसरी आसंल."

"हीच. हिच्यात मामा कधीच नव्हता. तू विचारलंस तेव्हा मी ती पानं वाचलेली नव्हती. न वाचता सांगितलं मी तुला."

खाली वखारीत कुणीतरी फावड्यानं कोळसा ओढत होतं. तो आवाज थांबल्यावर तिनं विचारलं,

"मंग गेली कशी ती?"

"तिनं कार्ड लिहिलं. शाळेच्या मोठ्या बाईंना."

"येक कार्ड?"

"एक. चार ओळींचं. स्वतःच्या हातानं."

ती मला बोलेल, शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. उघडलं नाही. पाठीवरच्या चिठ्ठीवरून तिनं अंगठा फिरवला. बोरूनं लिहिलेली ती चिठ्ठी तिच्याच हातची होती, शाई तपकिरी झालेली, ओळ अजून सरळ.

"माजं अक्षर तवा लय चांगलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली.